नाव गावाला आहे, मॅडम

कुत्र्याचे कान आणि गुलाबी नाक असलेला मतदार आपल्या देशात अजून नोंदवला गेलेला नाही, याचं थोडंफार श्रेय माझ्याकडे जातं. आमच्या कॉलेजातल्या ओंकारने मतदार नोंदणीसाठी मोबाइलवरून जो फोटो चढवायला घेतला होता, त्यात त्याला हे दोन्ही अवयव होते. वर मलाच म्हणतो, "मॅडम, पांढरी बॅकग्राउंड पाहिजे म्हणाला होतात ना? आहे की पांढरी!" बॅकग्राउंड खरोखरच पांढरीशुभ्र होती. मी म्हटलं, "राजा, हा फोटो बघून तुला मतदान केंद्रात आत नाही सोडणार, बाहेर बसवून बिस्किट घालतील." सगळे हसले. ओंकार सगळ्यांत मोठ्याने हसला आणि दुसऱ्या दिवशी कान काढून आला.

मी मालाडच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षिका होते. वैद्य मॅडम हे नाव पगारपत्रकावर. मुलांसाठी मी कायम 'पीटी मॅडम'. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात जो तो कबड्डीच्या ढालींबद्दल बोलला, माझ्या शिट्टीच्या नकला झाल्या, कुणी तरी तर रडलंसुद्धा. पण शेवटची काही वर्षं मी जे दुसरं काम मानगुटीवर घेऊन फिरले, मुलांची नावं मतदार यादीत घालायचं आणि त्यांना मतदानाला तयार करायचं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं. स्वतःची आरती स्वतःच ओवाळायला दिवाळी अंकासारखी दुसरी जागा नाही.

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या आवाजामुळे. खरं म्हणजे ते राज्यशास्त्राच्या सरांचं. पण सरांचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे, आणि माझा जिमखान्यातून कँटीनपर्यंत जात असे. प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, मुलं तुम्हाला घाबरतात. लोकशाहीचं तेवढं बघून घ्या." एवढ्या सहज माझ्यावर लोकशाही पडली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे? अठरा वर्षं पूर्ण झाली, सहा नंबरचा फॉर्म भरला, वयाचा नि पत्त्याचा पुरावा जोडला, झालं. झालं कसलं! तिथून सुरुवात होते. मग 'बीएलओ' येते, म्हणजे घरोघर जाऊन खातरजमा करणारी सरकारी बाई. आमच्या भागातली बीएलओ एरवी शाळेत शिकवायची, आणि शाळा सांभाळून उन्हातान्हात वणवण करायची. मालाडच्या टॉवरमधल्या पोरांचे पत्ते म्हणजे विंग, मजला, फ्लॅट, पिनकोड, सगळं चोख. पण वॉचमन तिला आत सोडायचा नाही. "मॅडम बोलते है कोई नही चाहिए." आणि आमच्या मनोरीच्या एका कोळ्याच्या पोराने पत्ता लिहिला होता, 'चर्चच्या मागे, जाळी सुकवतात त्याच्या बाजूला.' मी कपाळाला हात लावला होता. बीएलओ मार्व्याहून बोटीने खाडीपलीकडे गेली, पहिल्याच माणसाला विचारलं आणि थेट त्याच्या ओटीवर जाऊन चहा पिऊन आली. वर तिला सुके बोंबील बांधून दिले ते वेगळे.

आमची काम करायची एक पद्धत होती. आधी शोध, मग भर. म्हणजे फॉर्म भरायच्या आधी आपलं नाव यादीत कुठे आहे का, ते मोबाइलवर शोधायचं. मुलं खिदळायची. "मॅडम, आम्ही आत्ता तर अठराचे झालो, आमचं नाव आधीच कसं असेल?" तरी मी शोधायला लावायचे. कारण कायदा असा की एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असावं आणि ते जिथे तो नेहमी राहतो तिथे असावं. आणि आमच्याकडे निम्मी मुलं कोकणातली.

कोकणातली म्हटल्यावर ज्याला कळायचं त्याला कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. आजोबा गिरणीत लागले, बाबा कुठे तरी नोकरीला, पोरं अंधेरी-जोगेश्वरीच्या इस्पितळांत जन्मलेली, बोलतात ती भाषा अर्धी बंबइया. गावाला जायचं गणपतीला आणि मे महिन्यात. पण मतदार यादीतलं नाव? "नाव गावाला आहे, मॅडम." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. गावाला निवडणूक लागली की बस ठरवायची, मंडळी वाजतगाजत जायची, मत द्यायची, मासे खायचे आणि सोमवारी कामावर हजर. मुंबईत निवडणूक असली की घरी लोळत टीव्हीवर निकाल बघायचा आणि म्हणायचं, या शहराची पार वाट लागली!

आता तन्वीबद्दल सांगते. तन्वी परब माझ्या कबड्डीच्या टीमची कॅप्टन. जोगेश्वरीला राहणारी, एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची. चढाईला गेली की समोरच्या सात जणी दचकायच्या. तोंडाने तर त्याहून भारी. नोंदणीच्या कामात मी तिला माझा उजवा हात केलं होतं, आणि तिने ते काम इतरांचे हात पिरगळून करून घेतलं. कँटीनच्या दारात उभी राहायची. "ए, नाव आहे का यादीत? नाही? मग वडा नंतर." कँटीनवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता. आणि सही करणाऱ्या प्रत्येकाला तिचा दम असायचा, "वाचून सही कर रे. डोळे मिटून सही करायला हे काय लग्न आहे?"

तिला स्वतःला मत द्यायचं होतं ते एका मैदानासाठी. त्यांच्या बिल्डिंगच्या मागचं मैदान, तिथेच ती लहानपणी कबड्डी शिकली. कसल्या तरी पाइपलाइनसाठी ते खणलं आणि ढिगारे तसेच ठेवून मंडळी निघून गेली. वर्षं गेली. लहान पोरी आता जिन्यात खेळतात. तन्वी वॉर्ड ऑफिसात जाऊन आली, तिथल्या माणसाने विचारलं, "तू इथली मतदार आहेस का?" ते तिला फार झोंबलं होतं. महापालिकेची निवडणूक बऱ्याच काळापासून आज लागेल, उद्या लागेल चाललेलं. तन्वी मला म्हणायची, "मॅडम, एकदा लागू दे. मी पहिल्या नंबरला उभी राहणार लाइनीत."

तर एक दिवस हॉलमध्ये फर्स्ट इयरच्या मुलांना नाव कसं शोधायचं ते दाखवायचं होतं. मोठ्या पडद्यावर. तन्वी म्हणाली, "मी माझंच शोधून दाखवते. माझा फॉर्म भरायचा राहिलाय, म्हणजे काही नाही मिळालं की पडद्यावर काय दिसतं ते यांना कळेल." तिने नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, महाराष्ट्र निवडलं आणि ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर नाव आलं. तन्वी परब. वडिलांचं नाव, वय, सगळं बरोबर. आणि खाली तळकोकणातलं तिच्या गावाचं नाव, मतदान केंद्र जीवन शिक्षण मंदिर.

हॉलमध्ये असा काही हशा झाला की शेजारच्या वर्गातून प्राध्यापक डोकावले. ओंकार मागून ओरडला, "वाचून सही कर रे!" तन्वी लालबुंद. "मॅडम, ही दुसरी कोणी तरी असेल." मी म्हटलं, "हो, तुझी जुळी बहीण. गणपतीत हरवलेली."

गणपती म्हटल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या गणपतीत, आरती झालेली, मोदक यायचे होते, भूक सपाटून लागलेली, आणि काका कागद घेऊन ओटीवर बसले होते. "सगळ्यांनी सह्या करा गो, नवीन पोरांनी." तिला वाटलं वाडीतल्या मंडळाचं काही असेल. सगळ्या चुलत भावंडांनी केल्या, तिनेही केली. आधार कार्डाची झेरॉक्स बाबांनीच दिलेली. कोकणातल्या शेकडो घरांत हे असंच होतं. मोदकाच्या वासात माणूस कशावरही सही करतो.

उपाय सोपा होता. राहायची जागा बदलली तर आठ नंबरचा फॉर्म भरायचा, नाव तिथून निघून इथे येतं. तन्वीने तिथेच भरायला घेतला. आणि थांबली. मी म्हटलं, "काय गं?"

"काकी उभी राहणार आहे," ती म्हणाली.

गावाला ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. त्यांच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली होती आणि काकांनी काकीला उभं केलं होतं. किंवा काकीने काकांना उभं करायला लावलं होतं. काकीला ओळखणारे दुसरंच खरं मानतात. तन्वीची आई नोकरीला, त्यामुळे प्रत्येक मे महिना तन्वी काकीच्या पदराला धरून वाढलेली. पोहायला तिने शिकवलं, फणस फोडायला तिने शिकवलं. आणि नाव इकडे आणलं की काकीचं एक मत जाणार. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. मी सांगायच्या आधी तिनेच मला सांगितलं. इतरांना दम देऊन देऊन सगळे नियम पाठ झालेले.

"मॅडम, घरी येऊन बाबांशी बोलाल? माझं नाही ऐकणार."

गेले. जोगेश्वरीला, लेण्यांच्या बाजूच्या वस्तीतली सातमजली बिल्डिंग. तन्वीचे बाबा एका औषधांच्या गोदामात सुपरवायझर. मोठे अदबशीर गृहस्थ. आल्या आल्या चहा, बरोबर गावचं गोड खाजं. मैदानाकडची खिडकी उघडून त्यांनीच ढिगारे दाखवले आणि नगरसेवकाचा जो काही उद्धार केला तो दिवाळी अंकात छापता यायचा नाही. मला वाटलं, चला, काम सोपं आहे.

मी विषय काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, बाकी काहीही सांगा. नाव गावातच असूक व्हया."

"अहो पण ती राहते इथे."

"राहतो तर मी पण इथेच. जन्मापासून. माझं नाव गावातच आहे. माझ्या बापाचं होतं." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "नाव काढलं की गावात काय म्हणतात माहितीये? परबांचा हा धाकटा मुंबईवाला झाला. आज यादीतनं गेला, उद्या घरातनं जाईल, परवा पालखीला खांदा द्यायला कोण विचारणार?"

मी आपली समजावत बसले. घराचा कागद वेगळा, सातबारा वेगळा, मतदार यादी वेगळी. यादीतून नाव गेल्याने घरातला वाटा जात नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

मी म्हटलं, "बोरिवली."

"तसं नाही. गाव."

"नाही हो. आम्ही तीन पिढ्या इथलेच. गाव असं नाहीच."

"मग तुमका कळाचा नाय," ते म्हणाले. तुसडेपणाने नव्हे, उलट कीव आल्यासारखं. आणि खाज्याची बशी माझ्याकडे सरकवली. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. गणपतीत आमच्या सोसायटीत निम्म्या घरांना कुलूप असतं तेव्हा मी गॅलरीत उभी राहून बंद दारं बघते.

तेवढ्यात तन्वी तोंड उघडून मोकळी झाली. "बाबा, तुम्ही रोज नगरसेवकाला शिव्या घालता. त्याला निवडून कोणी दिलं?"

"मी नाही दिलं!"

"तेच म्हणतेय. तुम्ही कुणालाच नाही दिलं. कधीच नाही."

"म्हणूनच शिव्या घालायला मोकळा आहे!" बाबा म्हणाले आणि स्वतःच्या बोलण्यावर त्यांनाच हसू आलं. पण हसणं पुरतं आलं नाही, मध्येच अडकलं. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "ठीक आहे. तुझ्या काकीला तूच फोन करून सांग. मी नाही सांगणार."

तन्वीने फोन लावला, स्पीकरवर. त्याआधी दोनदा लावून कापला होता. सात जणींच्या अंगावर जाणारी मुलगी. काकीने उचलल्या उचलल्या सुरू केलं, "काय गो चेडवा, जेवलंस?" चेडू म्हणजे मुलगी. मग तन्वीने एका दमात, चढाईला जावं तसं, सगळं सांगून टाकलं. मैदान, फॉर्म, नाव.

पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे माका मत देणा नाय तू," काकी म्हणाली.

"काकी, तसं नाही गं..."

"तसाच असा. गप." पुन्हा कोंबड्या. मग काकी म्हणाली, "तुझा मत तुझा. माझ्या पदराक बांधलेला नाय. जंय रवतस थंय दी. आणि रडतस कित्याक? मी काय तुझ्या एका मतार निवडान येतलंय?"

राहतेस तिथे मत दे, हे काकीनेच सांगितल्यावर बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तन्वीने त्याच संध्याकाळी फॉर्म पाठवला. पडताळणी झाली आणि नाव जोगेश्वरीला आलं.

इथे एक सांगायला हवं. मुलांचा सगळ्यांत आवडता प्रश्न असायचा, "माझ्या एका मताने काय फरक पडतो, मॅडम?" त्यावर माझं ठरलेलं भाषण होतं. मी विद्यापीठाची एक फायनल सांगायचे, जी आम्ही एका पॉइंटने हरलो होतो. "त्या एका पॉइंटला जाऊन विचारा काय फरक पडतो!" टाळ्या हमखास. नंतर आम्ही खोटंखोटं मतदान घ्यायचो, म्हणजे खरं तिथे गेल्यावर पोरं बावचळू नयेत. जिमखान्यात बॅडमिंटनच्या नेटवर चादर टाकून आडोसा करायचा. उमेदवार वडापाव, मिसळ, फ्रँकी आणि शेवपुरी, शिवाय 'यांपैकी कोणीही नाही'. बोटाला स्टॅम्पपॅडची शाई. मोबाइल आत न्यायचा नाही, हा नियम सांगितला की उमेदवारांपेक्षा त्याचीच चिंता जास्त. "मग फोन ठेवायचा कुठे?" मी सांगायचे, "घरचं माणूस बरोबर न्या. एरवी कुठे नेता त्यांना?" ओंकार एकदा आडोशातून बाहेर येताना ओरडला, "मिसळ!" तर तन्वीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "गुप्त असतं ते, गाढवा!" 'यांपैकी कोणीही नाही' भरघोस मतांनी निवडून आलं. कँटीनवाला आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

तर गावची निवडणूक झाली. बाबा बसने जाऊन मत देऊन आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तन्वी प्रॅक्टिसला आली नाही. कधी न चुकणारी मुलगी. मी फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी जिमखाना बंद करायला गेले तर मॅटच्या गुंडाळीवर बसलेली.

"काकी हरली, मॅडम."

"अगं, होतं. हारजीत..."

"एका मताने."

मी आयुष्यभर मुलींना हरल्यावर काय बोलायचं ते बोलत आले. त्या संध्याकाळी नुसती तिच्या शेजारी मॅटवर बसले. तिचं नाव तिथे असतं तर बरोबरी झाली असती. बरोबरी झाली की चिठ्ठी टाकतात, पुढचं नशीब. पण एवढी संधी तरी मिळाली असती. काका फोनवर बोलले होते. जे बोलले ते तिने मला सांगितलं नाही.

"तुम्ही सांगता ना मॅडम, एका मताने काय फरक पडतो ते," ती म्हणाली. "आता सांगा."

त्या दिवसापासून मी ते फायनलचं भाषण केलेलं नाही. जन्मभर ज्या उदाहरणाची वाट बघितली ते दारात येऊन उभं राहिलं आणि माझी त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

तन्वी खेळायला परत आली, पण नोंदणीच्या कामाला नाही. कँटीनच्या दारात शांतता पसरली. पोरं बिनधास्त वडे खाऊ लागली. ओंकार मला म्हणाला, "मॅडम, तन्वी ओरडत नाही तर कॉलेजला आल्यासारखं वाटत नाही." मग एकदाची महापालिकेची निवडणूक लागली. मी तिला विचारलं, "पहिल्या नंबरला उभी राहणार ना?" ती म्हणाली, "मी नाही जाणार, मॅडम. ते मत काकीचं होतं. ते घेऊन मी इथे काय मिरवू?" मी तिच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मी काय सांगणार हो? माझं तर नावच नाही इथे." मग म्हणाले, "बघू. वैनी येतेय मुंबईला. डोळ्याचं ऑपरेशन आहे."

मतदानाच्या दिवशी मला राहवेना. बोरिवलीला स्वतःचं मत देऊन थेट जोगेश्वरी गाठली. तन्वीचं मतदान केंद्र असलेल्या शाळेच्या फाटकाबाहेर, पोलिसाने आखलेल्या रेषेच्या अलीकडे, एका प्लास्टिकच्या खुर्चीत ठसठशीत कुंकू लावलेली, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा घातलेली एक बाई बसली होती. मांडीवर तन्वीचा मोबाइल, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. शेजारी तन्वीचे बाबा उभे. ती खुर्ची कुणाची हे मी विचारलं नाही, पण कोपऱ्यावरचा नारळवाला उभ्याने नारळ सोलत होता.

"तुमी पीटीचे मॅडम?" बाई म्हणाली. "बसा. चेडू आत गेला हा."

"गेली?"

"जातला नाय तर काय करतला? माझा मत घालवून मिळवलान. आता वाया घालवन म्हणता! मी सकाळी उठवून आंघोळीक धाडलंय. म्हटलंय, तू नाय गेलंस तर ऑपरेशनचो डोळो मी रडान फोडून घेतलंय." आणि खुशीत हसली. मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? काकीने काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं असावं. "वाटला तर! दोन दिवस जेवलंय नाय. पण बाय, मी हरलंय ता गावात रवणाऱ्या माणसांनी पाडलानी म्हणून. मुंबयच्या चेडवान नाय." एवढं बोलून तिने विषय संपवला.

बाबा फाटकाकडे बघत होते. आतून माणसं बाहेर येत होती, बोटं दाखवत, घरच्यांकडून फोन घेऊन फोटो काढत. जन्मभर ते या शाळेवरून ये-जा करत आलेले. ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आत किती वेळ लागतो हो? आणि तो तुमचा आठ नंबरचा फॉर्म..."

काकीचे डोळे काळ्या चष्म्याआड असतील, कान नव्हते. "तू खंय चललंस रे? पाच वर्सांनी मी परत उभी रवतलंय!"

बाबा होते तिथे परत सरकले. मी हसले, पोलीस हसला, नारळवाला हसला.

तेवढ्यात तन्वी आली. चालत नव्हे, धावत. समोर येऊन थांबली आणि तिला काय करावं कळेना. डाव्या हाताची मूठ मिटलेली. काकीने फोन तिच्या हातात न देता बाबांकडे दिला आणि तिचा हात ओढून घेतला.

"दिलंस?"

"दिलं."

"कोणाक?"

"काकी, गुप्त असतं ते."

"शानी झालंस," काकी म्हणाली. तिने तन्वीची मूठ उघडली, बोट अगदी चष्म्याजवळ नेऊन बघितलं, आणि दुसऱ्या हाताने पदराचं टोक घेऊन ते बोट पुसायला लागली. खेळून आलेल्या पोराचे हात पुसावेत तसं, सवयीने. दोन-तीनदा घासलं. तन्वी रडायच्या बेताला आलेली.

"काकी, ती शाई जात नाही गं. कितीतरी आठवडे जात नाही."

काकीने पदर खाली सोडला. बोट मात्र सोडलं नाही.

"जाणा नाय? मगे रवांदे तशीच," ती म्हणाली.